प्राथमिक शाळेतला संगणकाचा तास: नियोजन आणि मूल्यमापनातल्या या चुका टाळा

चौथीच्या टाचणवहीत, म्हणजे पाठाच्या नियोजनाच्या वहीत, संगणकाच्या तासापुढे बहुतेक वेळा एवढंच असतं: 'पेंट – चित्र काढणे' किंवा 'स्क्रॅच – ओळख'. हे सॉफ्टवेअरचं नाव झालं (स्क्रॅच म्हणजे सूचनांचे ठोकळे जोडून प्रोग्राम करायचं सॉफ्टवेअर). तास संपल्यावर मुलाला काय कळायला हवं, ते त्यात कुठेच नाही. मग मूल्यमापनाच्या वेळी तपासायचं काय, हा प्रश्न पडतो आणि 'माउसचे उपयोग लिहा' असली प्रश्नपत्रिका निघते. त्यापेक्षा टाचणात एकच ओळ लिहा, पण तपासता येईल अशी: 'सूचनांचा क्रम बदलला की काय बदलतं, हे मूल स्वतःच्या शब्दांत सांगतं.' 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात कोडिंग सहावी ते आठवीच्या टप्प्यासाठी सांगितलं आहे. तेव्हा तिसरीतच गेम बनवून घेण्याची घाई कोणी करू नये, पालकांनी कितीही धरलं तरी.

पट तीस, चालू संगणक चार

सगळ्या वर्गाला एकदम संगणकासमोर बसवलं की चार मुलं शिकतात, बाकीची खांद्यावरून डोकावतात. वर्गाचे गट करा आणि एका गटाला कागदावरचं काम द्या. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड, चांदवडच्या मुलांनी घरी कांदा निवडताना पाहिलेला असतोच. गोल्टी, म्हणजे लहान कांदा, वेगळी, मोठा माल वेगळा. तेच चिठ्ठ्यांवर करून घ्या. आठ चिठ्ठ्यांवर आठ संख्या, सगळ्या पालथ्या. नियम एकच: एका वेळी दोनच चिठ्ठ्या उलटून बघायच्या. सगळ्यात लहान संख्या शोधायला 7 तुलना लागतात. दर वेळी उरलेल्यांतली लहान शोधत गेलं, तर पूर्ण क्रम लागेपर्यंत 28. मुलं मोजतात, वाद घालतात, कमी तुलनांत जमेल का म्हणून धडपडतात. संगणकशास्त्रातला हा खरा प्रश्न आहे आणि त्याला वीज लागत नाही. सुरगाणा, पेठकडच्या शाळांनी तर पावसाळ्यातल्या प्रत्येक तासासाठी असा कागदी पर्याय टाचणातच लिहून ठेवावा. वीज गेल्यावर सुचत नाही.

त्रिकोण बंदच होत नाही

स्क्रॅचमध्ये चौकोन सहज जमतो: 4 वेळा पुढे चाल, 90 अंश वळ. मग सर म्हणतात, आता समभुज त्रिकोण काढा. मुलं 3 वेळा आणि 60 अंश टाकतात, कारण गणितात कोन 60 चा असं शिकलेली असतात. स्क्रॅचच्या पडद्यावरचं, सूचनांप्रमाणे चालणारं मांजर तीन रेघा काढून थांबतं आणि आकृती उघडीच राहते. तो असतो षटकोनाचा अर्धा भाग. इथे '120 टाका रे' असं सांगून मोकळं होणं ही या तासातली सगळ्यात महागडी चूक. व्हरांड्यात खडूने त्रिकोण आखा आणि एका मुलीला त्याच्या कडेने चालू द्या. कोपऱ्यावर ती किती वळली, हे बाकीच्यांना विचारा. सरळ जायचं सोडून ती वळली ते 180 वजा 60. मांजराला सांगायचं ते हे वळण, आतला कोन नव्हे.

याच तासाला येणारी दुसरी तक्रार: 'पहिल्यांदा बरोबर आलं, आता भलतंच येतंय.' प्रोग्राम पुन्हा चालवला की मांजर जिथे थांबलं होतं तिथूनच निघतं आणि जुन्या रेघाही तशाच असतात. सगळं पुसणं, मध्यभागी जाणं आणि 90 दिशेला तोंड करणं, हे तीन ठोकळे सुरुवातीला लावलेली फाइल मुलांना तयार द्या. तयार एवढ्यासाठी, की स्क्रॅचचा मंच, म्हणजे मांजर फिरतं ती जागा, आडवा −240 ते 240 आणि उभा −180 ते 180 असतो, आणि ऋण संख्या आपल्याकडे सहावीत येतात. चौथीच्या टाचणात 'एक्स, वाय ला जा' घेतलं, तर संगणकाचा तास गणिताच्या गोंधळात जातो. शिवाय रेघ काढणारे पेनचे ठोकळे समोर दिसत नाहीत, डावीकडे खालच्या कोपऱ्यातल्या बटणातून आणावे लागतात. हे आधी करून ठेवा, नाहीतर दहा मिनिटं त्यातच जातात.

गुण कोणाला दिले?

जोडीने काम केलं, स्क्रीनवर चित्र छान आलं, दोघांना 'अ'. माउस मात्र पूर्ण वेळ एकाच्याच हातात होता. दर पाच मिनिटांनी हात बदला. ज्याच्या हातात माउस नाही त्याने सूचना सांगायच्या. तपासताना तयार चित्र बघू नका. प्रोग्राम चालवण्याआधी विचारा, 'आता काय होईल?' किंवा मुद्दाम एक ठोकळा चुकीचा लावलेला प्रोग्राम द्या आणि चूक शोधायला सांगा. शेजाऱ्याचं बघून केलेलं काम इथे लगेच उघडं पडतं, आणि हळू टाइप करणारी पण नीट विचार करणारी मुलंही इथेच सापडतात.

आकारिक, म्हणजे शिकताना चालू असलेल्या, मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत 'संगणक आवडीने हाताळतो' हे वाक्य तीस मुलांपुढे उतरवून काही साधत नाही. 'किती वेळा पुन्हा करायचं ते अचूक सांगतो, वळणाचा कोन चुकतो' असं लिहिलंत तर पुढच्या तासाचं नियोजन त्या नोंदीतूनच निघतं. एका तासाला पाच-सहा मुलांच्याच नोंदी घ्या. सगळ्यांच्या एकदम घ्यायला गेलं की त्या घरी बसून आठवून लिहाव्या लागतात.

फाइलींचं नावही आधीच ठरवा: इयत्ता, हजेरी क्रमांक, मग नाव. सॉफ्टवेअरने स्वतःहून ठेवलेल्या नावाने सगळ्यांच्या फाइली सारख्याच दिसतात आणि पुढच्या आठवड्यात कोणाची कुठली, ते कळत नाही. फाइल जपून ठेवायला शेवटची पाच मिनिटं राखा, घंटा व्हायच्या आधीची.