एक्स-विंगच्या प्रतिकृतीची ओतीव इंजिने तपासताना

1977 सालच्या ‘स्टार वॉर्स’साठी एक्स-विंग यानाची जी मॉडेल्स घडवली गेली, त्यांवरचे बारीक तपशील पुष्कळदा बाजारात मिळणाऱ्या प्लॅस्टिक किटमधील सुटे भाग चिकटवून साधलेले होते. प्रतिकृती बांधणाऱ्याच्या हाती मात्र हे भाग बहुधा रेझिनमध्ये, म्हणजे दोन द्रव्ये मिसळल्यावर घट्ट होणाऱ्या प्लॅस्टिकमध्ये, ओतलेले येतात. म्हणून हाती आलेली खोच किंवा रेघ मूळ मॉडेलची आहे की साच्याने आणलेली, हे घासायला बसण्यापूर्वीच ठरवावे लागते.

चारही इंजिने प्रथम एका ओळीत मांडून एकमेकांशी ताडून पाहावीत. तीच खूण चारही भागांवर त्याच जागी असेल, तर ती मूळ नमुन्यातून आलेली असते किंवा साच्यातच बसलेली असते, आणि या दोहोंतला निवाडा चित्रीकरणात वापरलेल्या मॉडेलची छायाचित्रे पाहूनच करता येतो. एकाच भागावर दिसणारी खूण बहुतेक वेळा ओतकामातली चूक असते. त्यानंतर छोट्या वजनकाट्यावर प्रत्येक भाग तोलावा. एकाच साच्यातले भाग असूनही एखादा लक्षणीय हलका भरला, तर त्याच्या पोटात हवेची पोकळी असण्याचा संभव असतो आणि नेमकी तीच पोकळी पुढे छिद्र पाडताना उघडी पडते.

नळकांड्याचा व्यास व्हर्नियर कॅलिपरने एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन दिशांनी मोजावा. दोन मापे जुळत नसतील तर भाग दबलेला आहे. पातळ कडेचा भाग गरम पाण्यात मऊ करून हलक्या हाताने गोल करता येतो व थंड पाण्यात धरला की तसाच राहतो. चारही इंजिने गोल असूनही मापाने सारखीच लहान भरली, तर ती ओतीव भागावरूनच पुन्हा साचा काढून केलेली असू शकतात, कारण रेझिन घट्ट होताना किंचित आकसते आणि दर पिढीला ही घट साचत जाते. त्याला घरी उपाय नाही.

पांढऱ्या रेझिनवर डोळा फसतो. अंधाऱ्या खोलीत विजेरी आडवी धरली की साच्याची जोडरेघ, कडेचा पापुद्रा आणि टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे सावलीमुळे उठून दिसतात. कुठे चिकट डाग लागला तर रेझिनच्या दोन द्रव्यांचे प्रमाण किंवा मिश्रण बिघडलेले असते. तिथे रंग धरत नाही, म्हणून तो भाग बदलून मागावा. मागणी करण्याआधी छायाचित्रे काढून ठेवावीत, कारण घासलेला भाग विक्रेता सहसा परत घेत नाही.

निवडलेले भाग भांडी घासण्याच्या साबणाने धुवावेत, म्हणजे साच्यातून भाग सुटावा म्हणून लावलेला तेलकट थर निघून जातो. राखाडी प्राइमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, एक पातळ हात दिल्यावर पुन्हा एकदा विजेरी फिरवावी. सुटून गेलेली छिद्रे आता दिसतात. घासणे पाण्याखाली आणि तोंडाला मास्क लावूनच करावे. जोडणीला प्लॅस्टिक किटचे सिमेंट चालत नाही, कारण ते रेझिनला विरघळवत नाही; इपॉक्सी वापरावे, आणि इंजिनाचे वजन पेलण्यासाठी आत पितळी सळईचा तुकडा घालावा.