स्पेलिंग बी मध्ये जिनियसपर्यंत कसं पोचायचं

स्पेलिंग बी हे न्यूयॉर्क टाइम्सचं रोजचं इंग्रजी शब्दकोडं, दिलेल्या सात अक्षरांतून शब्द काढायचं. त्यात अडकलं की लोक लगेच म्हणतात माझी व्होकॅब्युलरी कमी पडते. मला हे बिलकुल पटत नाही. या कोड्यात विशेषनामं, हायफनवाले शब्द, शिव्या आणि फार कोणाला माहीत नसलेले शब्द धरतच नाहीत, म्हणजे जे उरतात त्यातले बहुतेक तुम्हाला येत असतात, फक्त त्या सात अक्षरांत ते लपलेले असतात आणि तिथून ते बाहेर काढायची सवय लागते.

नवीन लोकांसाठी नियम पटकन सांगते. सात अक्षरं असतात, मधलं पिवळ्या खणातलं, ते प्रत्येक शब्दात हवंच. शब्द किमान चार अक्षरांचा, एकच अक्षर कितीही वेळा वापरा चालतं. चार अक्षरी शब्दाला 1 पॉइंट, त्यापुढे जितकी अक्षरं तितके पॉइंट, आणि सातही अक्षरं आली की तो पॅनग्राम, त्याला वर 7 बोनस. पॅनग्राम रोज किमान एक असतोच. त्या दिवसाच्या एकूण पॉइंटच्या साधारण 70 टक्क्यांना जिनियस म्हणतात, आणि सगळेच्या सगळे शब्द काढले की क्वीन बी. न्यूयॉर्कला पहाटे 3 ला कोडं बदलतं, त्यामुळे भारतात ते उन्हाळ्यात दुपारी 12:30 ला आणि हिवाळ्यात 1:30 ला येतं, जेवणाच्या सुट्टीत बरोबर हाताशी.

आता मी एक सेट बनवते, त्यावरच बघू. मधे एन, बाजूला ए, सी, जी, आय, आर, टी.

सगळ्यात आधी शब्दाचे शेवट बघायचे. इथे आय, एन, जी तिन्ही आहेत म्हणजे अर्ध काम झालं. रेनिंग, गेनिंग, अ‍ॅक्टिंग, ट्रेनिंग, ग्रँटिंग हे तर लगेच सुचतात. पण खरी गंमत पुढे आहे, ज्या क्रियापदाच्या शेवटी ई असतो त्याचा ई आयएनजी लावताना गळून पडतो, म्हणून सेटमध्ये ई नसला तरी रेट, रेस, केअर, ट्रेस यांची रूपं मिळतात. रेटिंग, रेसिंग, केअरिंग, ट्रेसिंग. बरेच जण रेट मनात आणतात, ई नाही म्हणून सोडून देतात आणि तिथेच पाच सहा शब्द जातात. आणि यातला ट्रेसिंग नीट मोजून बघा, सातही अक्षरं आली, पॅनग्राम, 7 अधिक 7 म्हणजे 14 पॉइंट. त्याच अक्षरांची उलटापालट केली की कार्टिंग आणि क्रेटिंग सुद्धा. म्हणून एक पॅनग्राम सापडला की थांबायचं नाही, तीच अक्षरं अजून हलवून बघायची. अ‍ॅट्रॅक्टिंग पण पॅनग्रामच आहे, दहा अक्षरी, 17 पॉइंट, तो सुटतो कारण टी तीनदा वापरायचा आपल्याला सुचत नाही.

इथे आपल्या लोकांची एक खास अडचण येते आणि ती मला महत्त्वाची वाटते. आपण आवाजावरून शब्द शोधतो. मराठीत जसं बोलतो तसं लिहितो त्यामुळे कान पुढे आणि डोळे मागे. जी दिसला की डोक्यात ग येतो आणि जायंट सुचतच नाही. सी दिसला की क, मग सायटिंग, आयसिंग राहून जातात. डबल अक्षरं तर ऐकूच येत नाहीत, टॅनिंग मध्ये तीन एन आहेत, टॅगिंग मध्ये तीन जी आहेत. इनिंग बघा, आपण क्रिकेटमुळे कायम इनिंग्ज म्हणतो पण बेसबॉलमध्ये नुसतं इनिंग असतं आणि त्यात पण तीन एन. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येक अक्षर घेऊन मुद्दाम दोन्ही आवाज करून बघा आणि प्रत्येक व्यंजन एकदा डबल करून बघा, कंटाळवाणं आहे पण हमखास शब्द निघतात.

मग सुरुवाती. एक अक्षर धरायचं आणि त्याला बाकीची जोडत जायचं, टीआर, जीआर, सीआर, एएन, आयएन. टीआर वर ट्रेन, जीआर वर ग्रेन, एएन वर अँटी. रोजच्या सेटमध्ये आरई, यूएन, एनओएन दिसले तर ते पण लावून बघा. एस मात्र शोधू नका, तो देत नाहीत, नाहीतर प्रत्येक शब्दाचं अनेकवचन करून पॉइंट गोळा झाले असते, त्यामुळे एनईएसएस वाले शेवट पण विसरा. ईडी आले तर सोनं. टीआयओएन, एबीएलई, एमईएनटी हे कायम डोक्यात ठेवायचे. आणि स्पेलिंग अमेरिकन, शाळेत शिकलेलं यू वालं कलर इथे टाकू नका.

अडकलात की शफल बटण दाबा, बाहेरची सहा अक्षरं जागा बदलतात आणि डोळ्यांना नवीन जोड्या दिसतात. तरी नाही सुचलं तर फोन ठेवून द्या, संध्याकाळी चहा घेताना उघडा, खूप फरक पडतो. हिंट्स बघायला लाज वाटून घेऊ नका, तिथे कुठल्या अक्षराने सुरू होणारे किती लांबीचे किती शब्द आहेत आणि पहिल्या दोन अक्षरांवर किती आहेत एवढंच असतं, शब्द तुम्हालाच काढायचा असतो. टीआर वर अजून दोन बाकी आहेत हे कळलं की शोध एकदम नेमका होतो.

आणि आपल्या स्वयंपाकघरातले शब्द जरूर टाकून बघा. आपल्या सेटमध्ये नान चालेल, 1 पॉइंट. रायत्याची सगळी अक्षरं आहेत पण एन नाही म्हणून तो आज बाद, मधे ए, आर, आय किंवा टी असेल त्या दिवशी टाका. कालची उत्तरं रोज बघत जा, तेच ते शब्द परत परत येतात, नाना, टियारा, काकाओ, कोको, आणि अ‍ॅकेशिया, ज्या नावाखाली आपली बाभूळ इतकी वर्षं ओळखली गेली. असे शब्द एका कागदावर लिहून ठेवा, ए, सी, आय एकत्र दिसले आणि त्यातलं एक मधे असलं की सगळ्यात आधी अ‍ॅकेशिया टाकायचं.