दोन कॉम्प्युटर, एकच कीबोर्ड-माऊस: यूएसबी उपकरणं शेअर करताना या चुका टाळा

यूएसबीत एका उपकरणाला एका वेळी एकच कॉम्प्युटर हाताळू शकतो. कीबोर्ड, वेबकॅम किंवा हार्ड डिस्क स्वतःहून बोलत नाही. कॉम्प्युटर विचारतो आणि उपकरण उत्तर देतं. त्यामुळे डेस्कटॉप आणि लॅपटॉप यांच्यात उपकरण 'शेअर' करायचं म्हणजे ते एकापासून तोडून दुसऱ्याला जोडायचं. उपकरणं एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर नेणाऱ्या यूएसबी स्विचचं बटण दाबल्यावर हेच होतं. केबल उपटून दुसरीकडे खोचण्यात आणि बटण दाबण्यात कॉम्प्युटरच्या दृष्टीने काहीच फरक नसतो. पुढच्या बऱ्याच चुका हे लक्षात न घेतल्यामुळे होतात.

हबला स्विच समजणं

हब म्हणजे एका पोर्टची अनेक पोर्ट करणारा डबा. त्याला कॉम्प्युटरकडे जाणारी वाट एकच असते. बाकीची सगळी पोर्ट उपकरणांसाठी. दोन कॉम्प्युटर एकाच हबला जोडायचे म्हणून काही जण दोन्ही टोकांना टाइप-ए (नेहमीची चपटी, आयताकृती) पिन असलेली केबल आणतात आणि दुसरा कॉम्प्युटर हबच्या रिकाम्या पोर्टला लावतात. असं करू नका. टाइप-ए पोर्ट ५ व्होल्ट बाहेर देण्यासाठी असतं. दोन्हीकडून पुरवठा आला की ज्याचा व्होल्टेज किंचित जास्त, त्याचा करंट दुसऱ्या मशीनमध्ये घुसतो. नशीब चांगलं असेल तर पोर्ट बंद पडून निभावतं, नाहीतर मदरबोर्डपर्यंत झळ पोचते.

घ्यायचा असतो तो यूएसबी स्विच: दोन कॉम्प्युटर, चार उपकरणं आणि एक बटण. मॉनिटरही दोघांत वाटून घ्यायचा असेल तर केव्हीएम (कीबोर्ड, व्हिडिओ, माऊस) स्विच. काही स्विचमध्ये कॉम्प्युटरकडची सॉकेटही टाइप-ए असतात आणि सोबत दोन्ही टोकांना ए पिनची केबल येते. ती केबल त्या स्विचपुरतीच ठेवा, ड्रॉवरमधल्या इतर केबलींत मिसळू देऊ नका.

खरेदीआधी मॉनिटरची मागची बाजू बघून घ्या. तिथे टाइप-सी आणि चौकोनी टाइप-बी अशी दोन्ही सॉकेट असतील, तर मॉनिटरमध्येच स्विच असण्याची बरीच शक्यता आहे. तसं असेल तर लॅपटॉप टाइप-सीला, डेस्कटॉप टाइप-बीला, आणि मॉनिटरच्या मेनूमध्ये कुठल्या चित्रासोबत कुठलं यूएसबी हे ठरवून द्यायचं. यात एक मेख आहे. टाइप-सी केबलमधल्या वेगवान तारांच्या चारही जोड्या चित्रासाठी वापरल्या गेल्या, तर डेटासाठी फक्त यूएसबी २.० उरतं. मॉनिटरला लावलेली एसएसडी अचानक संथ झाली तर मेनूत रिझोल्यूशनला प्राधान्य की डेटाच्या वेगाला, अशी सेटिंग आहे का ते बघा.

नको ती उपकरणं स्विचमागे ठेवणं

कीबोर्ड, माऊस, हेडसेट, बारकोड स्कॅनर: मध्येच जोडणी तुटली तरी नुकसान होत नाही, म्हणून हे स्विचमागे ठेवायला हरकत नाही.

हार्ड डिस्क आणि पेन ड्राइव्ह मात्र स्विचमागे नकोत. कॉपी चालू असताना बटण दाबलं गेलं तर फाइल अर्धवट राहते, कधी फाइल सिस्टिमच बिघडते. विंडोज १० च्या १८०९ आवृत्तीपासून बाहेरच्या ड्राइव्हसाठी 'क्विक रिमूव्हल' हे मूळ धोरण आहे, त्यामुळे लिहायचा डेटा कॅशमध्ये अडकून राहण्याचा धोका कमी झालाय. चालू असलेल्या कॉपीला ते वाचवत नाही. ड्राइव्ह स्विचवर ठेवायचाच असेल तर आधी 'इजेक्ट', मग बटण, हा क्रम मोडू नका. त्यापेक्षा तो डेस्कटॉपला कायमचा लावा आणि फोल्डर नेटवर्कवर शेअर करा. मग दोन्ही मशीनना तो एकाच वेळी वापरता येतो. हे स्विचला कधीच जमणार नाही.

प्रिंटरचंही तेच. दहा पानांपैकी चौथं छापत असताना बटण दाबलं की जॉब रांगेत अडकतो आणि नंतरचे सगळे जॉब त्याच्यामागे खोळंबतात. शिवाय प्रिंटर वेगळ्या पोर्टवर गेला की विंडोज कधीकधी त्याला नवा समजून यादीत 'कॉपी १' अशी दुसरी नोंद करतं. मग जुन्या नोंदीवर पाठवलेलं काहीच छापून येत नाही. प्रिंटरला वाय-फाय किंवा इथरनेट असेल तर यूएसबीचा विचारच सोडा. नसेल तर डेस्कटॉपवरून नेटवर्कवर शेअर करा. तेव्हा डेस्कटॉप चालू असावा लागेल, एवढंच.

सॉफ्टवेअरच्या लायसन्सचे डाँगल (पोर्टमध्ये खोचायचं छोटं उपकरण) आणि डिजिटल सहीचे टोकन सॉफ्टवेअर उघडं असताना काढले, तर काही प्रोग्रॅम लगेच बंद होतात आणि सेव्ह न केलेलं काम जातं. वेबकॅम कॉलच्या मध्ये दुसऱ्या मशीनवर नेला तर कॉल ॲप तो आपोआप परत उचलेलच असं नाही. दुसरा मुद्दा वेगाचा. फुल एचडी, सेकंदाला ३० फ्रेम, दाबून लहान न केलेलं (कॉम्प्रेस न केलेलं) चित्र म्हणजे जवळपास ९९५ मेगाबिट प्रति सेकंद. यूएसबी २.० चा एकूण वेगच ४८० मेगाबिट, आणि स्विचमागची सगळी उपकरणं तो वाटून घेतात. म्हणून कॅमेरा चित्र दाबून पाठवतो. अशा स्विचमागे दोन कॅमेरे लावले तर दुसरा सुरूच न होणं यात नवल नाही.

विजेचा हिशेब न करणं

यूएसबी २.० पोर्ट ५०० मिलिॲम्पिअर देतं, ३.० पोर्ट ९००. स्विचमागे चार उपकरणं असली तरी ॲडॅप्टर नसेल तर सगळ्यांना मिळून तेवढंच मिळतं. नियमाप्रमाणे चालणारा बिनॲडॅप्टरचा यूएसबी २.० हब स्वतःसाठी १०० मिलिॲम्पिअर धरतो आणि चार पोर्टना प्रत्येकी १०० देतो. माऊसला ते पुरतं. रोषणाईवाला कीबोर्ड, ऑडिओ इंटरफेस आणि वेबकॅम एकत्र आले की पुरत नाही. लक्षणं ओळखता येतात: कीबोर्डचे दिवे मंद होणं, उपकरण दर काही मिनिटांनी जोडल्या-तुटल्याचा आवाज, आणि अडीच इंची हार्ड डिस्क असेल तर टकटक करत परत परत फिरायला सुरुवात करणं.

उपाय म्हणजे ५ व्होल्ट ॲडॅप्टरचं सॉकेट असलेला स्विच. ॲडॅप्टरसोबत उलट बाजूची एक तपासणी करा. डेस्कटॉप पूर्ण बंद करा, मागचा पॉवर सप्लायचा खटका बंद करा, फक्त स्विचची केबल राहू द्या. मदरबोर्डवरचा दिवा तरीही लागून राहिला किंवा पंखा थरथरला, तर स्विच उलटा करंट सोडतोय. तो वापरू नका.

लांब केबल, वरून एक्स्टेन्शन

यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर, ५ गिगाबिटच्या यूएसबी ३ ला व्यवहारात ३ मीटर. आत हब नसलेल्या साध्या स्विचमध्ये सिग्नल नव्याने तयार होत नाही, त्यामुळे स्विचच्या आधीची आणि नंतरची केबल मिळून लांबी मोजायची. दोन मीटर इकडे आणि दोन मीटर तिकडे घेतलं की वेगवान एसएसडी रुसते. फक्त कीबोर्ड-माऊस असतील तर यूएसबी २.० चा स्विच पुरतो, आणि कित्येकदा तोच बरा.

कारण यूएसबी ३ च्या डेटामुळे २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रेडिओ गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच हे तपशीलवार मांडलं होतं. वायरलेस माऊसचं डाँगल त्याच पट्ट्यात चालतं. फाइल कॉपी सुरू होताच माऊस अडखळत असेल तर बॅटरी बदलत बसू नका. डाँगल यूएसबी २.० पोर्टमध्ये लावा किंवा छोट्या एक्स्टेन्शनने स्विचपासून हातभर लांब न्या.

टाइप-सी केबलचीही खात्री करा. फोनच्या चार्जरसोबत येणाऱ्या बऱ्याच केबलींमध्ये डेटासाठी फक्त २.० च्या तारा असतात.

केव्हीएमच्या चुकीच्या सॉकेटमध्ये कीबोर्ड लावणं

बऱ्याच केव्हीएमवर कीबोर्ड-माऊससाठी दोन खास सॉकेट असतात. तिथे केव्हीएम स्वतःच साधा कीबोर्ड असल्याचं सोंग घेऊन दोन्ही मशीनशी बोलत राहतो, म्हणून हॉटकी (कीबोर्डवरची ठरावीक की दाबून कॉम्प्युटर बदलणं) चालतात आणि अदलाबदल झटपट होते. त्या सोंगात गेमिंग माऊसची जास्तीची बटणं, मॅक्रो आणि मीडिया की मात्र हरवतात. त्या हव्या असतील तर शेजारच्या सामान्य यूएसबी सॉकेटमध्ये लावा आणि हॉटकीऐवजी बटण वापरा. हॉटकी बहुधा स्क्रोल लॉक दोनदा दाबून चालते. छोट्या कीबोर्डवर ती कीच नसते, हे खरेदीआधी आठवलेलं बरं.

स्लीपमधला कॉम्प्युटर

डेस्कटॉप स्लीपमध्ये टाकून लॅपटॉपकडे वळलात आणि डेस्कटॉप आपोआप जागा झाला? माऊसची जोडणी तुटल्याची घटना यूएसबी हबने पाहिली आणि त्याला जागं केलं. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये कीबोर्ड आणि माऊस दोन्हींच्या पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये कॉम्प्युटर जागा करण्याच्या परवानगीची खूण काढा. मग डेस्कटॉप पॉवर बटणानेच उठवावा लागेल. बायोसमध्ये (विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) कीबोर्ड चालत नसेल तर थेट मदरबोर्डला लावा आणि तिथला फास्ट बूट बंद करा, कारण तो यूएसबीची तयारी पूर्ण करत नाही.

सॉफ्टवेअरने काम होतंय का, हे न बघणं

फक्त कीबोर्ड-माऊसचा प्रश्न असेल आणि दोन्ही विंडोज एकाच नेटवर्कवर असतील, तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइजमधलं 'माऊस विदाउट बॉर्डर्स' चार कॉम्प्युटरपर्यंत चालतं. दोन मॅकसाठी 'युनिव्हर्सल कंट्रोल' आहे. नेटवर्क पडलं किंवा बायोसमध्ये जायचं झालं तर यांचा उपयोग नाही. एखादा वायरचा कीबोर्ड हाताशी असू द्या.

बिघाड शोधताना ड्रायव्हरपासून सुरुवात करणं

आधी उपकरण डेस्कटॉपला थेट लावा, मग लॅपटॉपला थेट. दोन्हीकडे चाललं तर स्विचमागे एकटा कीबोर्ड लावून बघा आणि एकेक उपकरण वाढवत जा. ज्याच्या येण्याने बिघडतं, ते बहुधा वीज जास्त खातं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये कोड ४३ आणि 'डिव्हाइस डिस्क्रिप्टर रिक्वेस्ट फेल्ड' दिसलं तर ड्रायव्हर पुन्हा टाकण्यात वेळ घालवू नका. उपकरणाने पहिली ओळखही दिली नाही, म्हणजे दोष बहुधा केबल, वीज किंवा पोर्टचा आहे.

हेडसेटमध्ये कडकड आवाज येत असेल तर हबची रचना कारण असू शकते. जुन्या १२ मेगाबिट वेगाच्या उपकरणांसाठी हबमध्ये एक रूपांतरक असतो. स्वस्त हबमध्ये सगळ्या पोर्टना मिळून एकच, चांगल्यात प्रत्येक पोर्टला वेगळा. हेडसेट थेट कॉम्प्युटरला लावल्यावर आवाज साफ झाला तर दोष हेडसेटचा नाही.

स्विच अडकला तर एक कॉम्प्युटर रीस्टार्ट करून तो सुटेलच असं नाही, कारण त्याला दुसऱ्याकडून वीज मिळतच राहते. दोन्ही कॉम्प्युटरच्या केबली आणि ॲडॅप्टर काढा, अर्धा मिनिट थांबा, मग आधी ॲडॅप्टर आणि नंतर एकेक केबल लावा. विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर 'शट डाउन'ने कॉम्प्युटर पूर्ण नव्याने सुरू होत नाही. त्यासाठी 'रीस्टार्ट' निवडा.