मालिकांमधली डेटाचोरी पाहताना या चुका टाळा

डेटाचोरी म्हटलं की मालिकांमुळे डोळ्यांसमोर येतो तो काळी हुडी घातलेला पोरगा आणि भराभर पळणारी अक्षरं. त्या अक्षरांकडेच बघत राहणं ही पहिली चूक. २०१५ साली सुरू झालेल्या 'मिस्टर रोबोट'चा पहिला भाग नीट पाहा. त्यातला हॅकर नायक एलियट बँकेतून बोलतोय असं भासवून एकाला फोन करतो आणि खातरजमेच्या नावाखाली आवडती टीम, कुत्र्याचं नाव विचारतो. समोरचा सांगून मोकळा होतो आणि त्यावरूनच त्याचा पासवर्ड ओळखता येतो! 'जामताडा'मध्ये तर झारखंडमधली पोरं निव्वळ फोनवर बोलून कार्डाचा नंबर आणि ओटीपी काढून घेतात. म्हणून असा फोन आला की ठेवून द्या आणि कार्डामागे छापलेल्या नंबरावर स्वतः फोन करा. मुलांची नावं, जन्मसाल, गाडीचा नंबर पासवर्डात नकोच.

'ब्लॅक मिरर'च्या 'शट अप अँड डान्स' या भागातली चूक मला सगळ्यात गंभीर वाटते. व्हायरस काढायला म्हणून उतरवलेलं सॉफ्टवेअरच एका मुलाच्या लॅपटॉपचा कॅमेरा परक्यांच्या हाती देतं. मग बदनामीच्या भीतीनं तो त्यांची एकेक आज्ञा पाळत जातो. आपल्याकडे व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करून धमकावतात तेव्हाही लोक हेच करतात. घरात कळू नये म्हणून पैसे भरतात, चॅट पुसून टाकतात. पैसे दिले की मागणी वाढते आणि चॅट पुसलं की पुरावा जातो. स्क्रीनशॉट ठेवा, नंबर लिहून घ्या, घरातल्या एका तरी माणसाला सांगा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवा. पैसे गेले असतील तर क्षणही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

'माझ्याकडे लपवण्यासारखं आहेच काय?' असं म्हणत आपण लॉजवर, दुकानात आधारची झेरॉक्स देत सुटतो. जिथे चालेल तिथे मास्क्ड आधार द्या; त्यावर शेवटचे चारच आकडे दिसतात.

आणि खातं फुटलंच, तर फक्त त्याचा पासवर्ड बदलून थांबू नका. आधी ईमेलचा बदला, कारण बाकीच्या खात्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. मग सगळ्या उपकरणांवरून लॉगआउट करा, टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डानंतर आणखी एक खातरजमा) लावा आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरलाय ते शोधून तिथलाही बदला.