फुटबॉल मॅनेजरमध्ये खेळाडूंच्या भावाची वही

लासलगावचा कांदा आज कसा गेला, याचं उत्तर नाशिककर एका आकड्यात देत नाही. किमान, कमाल, सर्वसाधारण, शिवाय आवक किती. फुटबॉल मॅनेजर या क्लब चालवण्याच्या कॉम्प्युटर गेममध्ये खेळाडूंचे भाव टिपताना हीच सवय लावून घ्या, कारण २०२२ च्या आवृत्तीपासून गेम बहुतेक वेळा एक किंमत न सांगता 'एवढ्यापासून एवढ्यापर्यंत' अशी रेंज दाखवतो. खालची पद्धत २०२४ च्या पीसी आवृत्तीसाठी आहे.

स्क्वॉड (तुमचा संघ) आणि शॉर्टलिस्ट (नजर ठेवलेले खेळाडू), दोन्हीकडे एकच व्ह्यू, म्हणजे कॉलमांची मांडणी, बनवा: युनिक आयडी (प्रत्येक खेळाडूचा वेगळा क्रमांक), नाव, वय, क्लब, करार संपण्याची तारीख, ट्रान्स्फर व्हॅल्यू (खेळाडूचा भाव). आयडी वगळलात तर एकाच नावाचे दोन ब्राझिलियन एका रेषेत घुसतात. शॉर्टलिस्टमध्ये टाकताना मुदत कायमची ठेवा. नाहीतर मुदत संपली की नाव गुपचूप गळतं.

गेममधल्या दर महिन्याच्या १ तारखेला थांबा. एका नावावर क्लिक, कंट्रोल-ए, यादीच्या तळापर्यंत स्क्रोल, मग कंट्रोल-पी आणि 'वेब पेज'. स्क्रोल टाळलं तर लांब यादी अर्धवट उतरते. फाइलचं नाव वर्ष-महिना-दिवस असं द्या. चलन सुरुवातीला जे निवडाल ते शेवटपर्यंत.

फाइल एक्सेलमध्ये उघडते, पण खरी कटकट तिथेच सुरू होते. भाव आकडा म्हणून येत नाही, मजकूर म्हणून येतो. मधल्या डॅशवर तोडून किमान आणि कमाल असे दोन कॉलम करा, चलनाचं चिन्ह काढा. 'एम' म्हणजे दहा लाख, 'के' म्हणजे हजार. सगळं 'एम'मध्ये आणा, म्हणजे ८५० 'के'चे ०.८५. 'नॉट फॉर सेल' असेल तिथे रकाना रिकामा सोडा. शून्य टाकलंत की सरासरी कोसळलीच. तारखाही तपासा: अमेरिकन सेटिंग असेल तर १ जुलैचा ७ जानेवारी होतो.

दर महिन्याच्या ओळी जुन्यांच्या खालीच चिकटवा, पहिल्या कॉलमात तारीख. २५ जणांच्या स्क्वॉडच्या वर्षाला ३०० ओळी होतात, एक्सेलच्या पिव्हट टेबलला (सारांश काढणाऱ्या तक्त्याला) काहीच जड नाही. दर महिन्याला नवा कॉलम जोडत गेलात तर विकलेले-घेतलेले खेळाडू सांभाळता सांभाळता पत्रक विस्कटतं.

आता वाचन. समजा, १९ वर्षांचा विंगर (कडेने खेळणारा आक्रमक) जुलैत ४ ते ६ 'एम', ऑक्टोबरमध्ये ४.५ ते ५.५. भाव वाढला? नाही, मध्य ५ वरच आहे. तुमच्या स्काउटला (खेळाडू पारखणाऱ्याला) तो जास्त कळला, एवढंच. म्हणून कमाल-किमान फरक भागिले मध्य हा कॉलम ठेवाच. इथे तो ४० टक्क्यांवरून २० वर आला. हा आकडा ४० च्या वर असेल तोवर भावाच्या चढउतारावर विसंबून बोली लावू नये, असं आमचं मत.

उतरत्या भावाचं कारण बऱ्याचदा खेळात नसून करारात असतं. उन्हाळ कांदा चाळीत किती दिवस टिकेल यावर सौदा ठरतो, तसा इथे करार किती महिने उरलाय यावर. म्हणून उरलेले महिने भावाशेजारीच लिहा. युरोपात शेवटच्या ६ महिन्यांत परदेशी क्लब खेळाडूशी थेट आगाऊ करार करू शकतो. उरलेले महिने १८ झाले की त्या ओळीला लाल रंग द्या आणि नूतनीकरण की विक्री, ते त्याच ट्रान्स्फर खिडकीत (खेळाडूंच्या खरेदी-विक्रीच्या मुदतीत) ठरवा.