पडक्या घराचा इतिहास शोधताय? या चुका टाळा

पुणे जिल्ह्यातल्या एखाद्या गावात वर्षानुवर्षं बंद पडलेलं घर असतं. त्याचा शोध बहुतेक जण सातबाऱ्यापासून सुरू करतात आणि तिथेच अडकतात. सातबारा शेतजमिनीचा, गावठाणातलं घर त्यात सापडणार कसं? त्यासाठी ग्रामपंचायतीत नमुना 8 मागा, म्हणजे घरपट्टीच्या आकारणीची नोंदवही. जितक्या जुन्या वह्या दाखवतील तितक्या बघा. एका वहीत ‘दगडमातीचे कौलारू’ आणि पुढच्या वहीत ‘पडीक जागा’ असं दिसलं, तर घर कोणत्या काळात पडलं ते कळतं.

घर मळ्यात किंवा वस्तीवर असेल तर जमिनीचे कागद कामाला येतात. मात्र आजचा गट नंबर घेऊन शंभर वर्षांपूर्वीचा कागद मागू नका. गट आले ते 1947 च्या कायद्याखाली राबवलेल्या एकत्रीकरण योजनेतून, म्हणजे विखुरलेले जमिनीचे तुकडे एकत्र करण्याच्या योजनेतून. त्याआधी सर्व्हे नंबर होते. दोन्हींचा मेळ घालणारा एकत्रीकरणाचा उतारा भूमी अभिलेख कार्यालयातून आधी काढा. बुद्रुक आणि खुर्दची गल्लत झाली, तर दुसऱ्याच कुणाच्या पणजोबांचा इतिहास हाती येईल.

सगळ्यात जास्त फसगत होते ती फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कात झालेल्या बदलाची नोंद, वाचताना. फेरफाराची तारीख ही नोंदीची तारीख असते, माणूस गेल्याची नव्हे. वारसनोंद कित्येकदा वाटणी निघाली किंवा कर्ज काढायचं झालं तेव्हाच होते, मग मधे कितीही वर्षं गेलेली असोत. मृत्यूची तारीख कोतवाल बुकात, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत, शोधा. नावापुढे ‘ए.कु.मॅ.’ असेल तर तो माणूस एकटा मालक नव्हे, एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या एका नावामागे धाकटे भाऊ, पुतणे, विधवा भावजया असा सगळा गोतावळा असतो. ‘घर अमक्याने बांधलं’ असं लिहून मोकळं होणं हा त्या सगळ्यांवर अन्याय आहे. घरातल्या बायका तर बहुधा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ या रकान्यातच भेटतात. ज्यांनी ते घर सारवून-लिंपून उभं ठेवलं, त्यांची नावं तिथे मिळतात. म्हणून तो रकाना शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

जुने कागद मोडी लिपीत असतात. मोडीत शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे ओळखीचं आडनाव दिसल्याचा भास फार लवकर होतो. अनेक कागदांत आडनाव नसतंच, ‘बिन’ लावून बापाचं नाव येतं. जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या. सालाचंही तेच, कागदांत शक, फसली किंवा सुहूर अशा जुन्या कालगणना असतात. शकात 78 मिळवले की साधारण इसवी सन येतो, दख्खनच्या फसलीत 590, सुहूर सनात 599. फसली आणि सुहूर ही दोन्ही वर्षं उन्हाळ्याच्या अखेरीस बदलतात, म्हणून उत्तर ‘1759-60’ असं जोडीनेच लिहा.

गाव भोर संस्थानातलं असेल तर 1948 च्या विलीनीकरणाआधीचा कारभार संस्थानचा होता. इंग्रजी अमलातल्या पुणे जिल्ह्याच्या दप्तरात काही मिळालं नाही म्हणजे घर नव्हतं, असा निष्कर्ष काढू नका.

‘बाहत्तरच्या दुष्काळात घर सोडलं’ हे गावोगाव ऐकायला मिळतं. खरंही असेल. पण मोठ्या आपत्तीचं साल लोकांच्या डोक्यात पक्कं बसतं आणि आधीनंतरच्या गोष्टीही त्यालाच चिकटतात. सांगणाऱ्याला विचारा: तेव्हा घरात कुणाचं लग्न झालं होतं, कोण शाळेत होतं? मग घरपट्टीच्या वहीशी ताडून बघा.

कौलांवरूनही घाईने वय ठरवू नका. मंगळूरला बासेल मिशन या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचा कौलांचा कारखाना 1865 मध्ये निघाला. मंगलोरी कौल त्यानंतरचंच. पण त्यावरून ठरतं ते छपराचं वय. खालचं जोतं कितीतरी जुनं असू शकतं. जोत्याचे थर, तुळयांवरच्या जुन्या खाचा, बुजवलेली देवळी (भिंतीतला कोनाडा) यांचे फोटो मोजपट्टी ठेवून काढा, आणि ते नकलांचे अर्ज करण्याआधी काढा. नकला पावसाळ्यानंतरही मिळतील, मातीची भिंत तोवर थांबेलच असं नाही.