'क्षार' या एका शब्दात मी तीन वर्षं अडकले होते

नववीच्या पहिल्या चाचणीत 'क्षार म्हणजे काय? दोन उदाहरणे द्या' या प्रश्नासमोर मला शून्य मिळालं होतं. मी लिहिलं होतं, 'जे पदार्थ पाण्यात विरघळल्यावर हायड्रॉक्साइड आयन देतात त्यांना क्षार म्हणतात. उदा., सोडिअम हायड्रॉक्साइड, कॅल्शिअम हायड्रॉक्साइड.' महिनाभर अभ्यास केला होता, म्हणून रडू आलं. मैत्रिणीच्या पेपरातून बरोबर उत्तर उतरवून घेतलं आणि पाठ केलं. मी लिहिलेलं का चुकलं, हे कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. ती गाठ तशीच राहिली. अकरावीत मराठी माध्यमातून पूर्ण इंग्रजीत गेल्यावर ती पुन्हा गळ्याशी आली.

आता मी सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका डाईंगच्या, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्याच्या, लॅबमध्ये काम करते आणि संध्याकाळी घरी आठवी ते दहावीची मुलं शिकवते. दरवर्षी हा धडा आला की निम्मी मुलं नेमकी तिथेच ठेचकाळतात. म्हणून हे लिहिते आहे. लिटमसचे रंग, सामूची (पीएचची) ० ते १४ ही पट्टी, आम्ल आणि आम्लारी मिळून क्षार आणि पाणी होतं, एवढं तुम्हाला माहीत आहे असं धरते.

माझी चूक कुठून आली ते सांगते. आमचं घर शहराच्या पूर्व भागात. खाली तेलुगू, शेजारी कन्नड, वर आम्ही मराठी. तेलुगू माध्यमात शिकलेली शेजारची अक्का माझा अभ्यास घ्यायची. तिच्या पुस्तकात धड्याचं नाव होतं आम्लालु, क्षारालु, लवणालु. मोबाईलवर मी जे व्हिडिओ पाहायची ते हिंदी, तिथे अम्ल, क्षारक आणि लवण. आणि माझ्या बालभारतीच्या पुस्तकात आम्ल, आम्लारी आणि क्षार. आता नीट बघा. ज्याला इंग्रजीत बेस म्हणतात त्याला तेलुगूत क्षार, हिंदीत क्षारक, मराठीत आम्लारी. ज्याला सॉल्ट म्हणतात त्याला तेलुगूत आणि हिंदीत लवण, मराठीत मात्र क्षार. म्हणजे अक्का 'क्षार' म्हणायची तेव्हा तिच्या मनात कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड, असायचा, आणि माझ्या पुस्तकात त्याच शब्दाचा अर्थ मीठ, मोरचूद, तुरटी असा होता. हिंदीत तर पाण्यात विरघळणाऱ्या क्षारकाला पुन्हा 'क्षार'च म्हणतात. माझं उत्तर अक्काच्या पुस्तकाप्रमाणे बरोबर होतं, माझ्या पुस्तकाप्रमाणे शून्य.

यात अक्काची काही चूक नाही, आणि आपल्या पुस्तकाचीही नाही. शब्द जुना आहे आणि त्याचे अर्थ फिरत गेले. आयुर्वेदात क्षार म्हणजे वनस्पती जाळून, राख पाण्यात कालवून काढलेला दाहक पदार्थ. भगंदरावर आजही क्षारसूत्र बांधतात, त्यातला क्षार हाच. इंग्रजीतला 'अल्कली' शब्दही अरबीतून आला, आणि त्याचंही मूळ राखेतच आहे. दुसरीकडे आपण मराठीत 'बोअरच्या पाण्यात क्षार जास्त आहेत' म्हणतो तेव्हा पाण्यात विरघळलेले कॅल्शिअम, मॅग्नेशिअमचे क्षार म्हणायचं असतं. बादलीच्या कडेला बसणारा पांढरा थर, साबणाला फेस न येणं, हे सगळं त्यांचंच.

'आम्लारी' हा शब्द तर मला आम्लाचाच एखादा प्रकार वाटायचा. सुरुवातच 'आम्ल'ने होते ना! बारावीनंतर एका संस्कृतच्या बाईंनी सहज सांगितलं, मुरारी म्हणजे मुर राक्षसाचा अरी, त्रिपुरारी म्हणजे त्रिपुराचा अरी, तसा आम्लाचा अरी तो आम्लारी. अरी म्हणजे शत्रू. त्रिपुरारी पौर्णिमा मला लहानपणापासून माहीत होती, तरी हा धागा कधी जुळला नव्हता. कन्नडमध्ये याच पदार्थाला प्रत्याम्ल म्हणतात, म्हणजे आम्लाच्या विरुद्धचं. हे ऐकलं असतं तर मला व्याख्या पाठ करावीच लागली नसती.

एक शब्द राहिला, अल्क. पाण्यात विरघळणाऱ्या आम्लारीला अल्क म्हणायचं. कॉपर ऑक्साइड आम्लारी आहे, पण पाण्यात विरघळत नाही, म्हणून अल्क नाही. एवढंच. यात जास्त वेळ घालवू नका.

माझा खरा गुंता सुटला तो अकरावीच्या प्रयोगशाळेत. टायट्रेशन चाललं होतं, म्हणजे आम्लात आम्लारी थेंब थेंब टाकत रंग बदलेपर्यंत मोजणं. मला रंग कधी बदलायचा ते जमत होतं, वहीत आकडेही येत होते, पण आपण काय करतोय ते कळत नव्हतं. तिथले परिचर मामा बाटल्या धुत होते. त्यांनी विचारलं, "वडील काय करतात गं तुझे?"

"डाईंगला आहेत."

"मग कॉस्टिक मारायला काय टाकतात तिथं?"

"ॲसिटिक."

"कॉस्टिक मेलं, ॲसिटिक पण मेलं. मग बादलीत राहिलं काय?"

मी म्हटलं, पाणी. ते म्हणाले, "नुसतं पाणी? आटवून बघ की." त्यांनी खरंच बशीत थोडं द्रावण गरम करायला लावलं. आमचं द्रावण मीठाच्या आम्लाचं (हायड्रोक्लोरिक आम्लाचं) आणि कॉस्टिकचं होतं. खाली पांढरी पूड राहिली. मीठ. "हा क्षार," ते म्हणाले आणि बाटल्या धुवायला लागले.

अप्पा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी हेच बोलायचे. व्हॅट रंग सुती कापडावर चढवायला कॉस्टिक आणि हायड्रो (सोडिअम हायड्रोसल्फाइट) लागतं. टॉवेल अंगाला लागणार, त्यात कॉस्टिक राहून चालत नाही, म्हणून धुण्याच्या शेवटी ॲसिटिक ॲसिड देऊन ते मारायचं आणि सामू सातच्या आसपास आणायचा. पुस्तकातलं 'उदासिनीकरण' आमच्या जेवणाच्या ताटावर रोज येत होतं, फक्त 'मारणं' या नावानं. आपल्या जिल्ह्यात साखर कारखाने इतके आहेत, तिथेही हेच. उसाचा ताजा रस आम्लधर्मी असतो, सामू साधारण पाच ते साडेपाच. तो तसाच तापवला तर साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होते आणि दाणा कमी मिळतो. म्हणून त्यात चुना टाकून आम्ल मारतात. तुमच्या घरात कुणी कारखान्यात, डाईंगला, दवाखान्यात, शेतात असेल तर धडा उघडण्याआधी त्यांना विचारा की तुमच्याकडे काय कशानं मारतात. मी हे कळकळीने सांगते आहे.

इथे दुसरा खड्डा आहे, आणि तो पहिल्याइतकाच खोल आहे. क्षार म्हणजे मीठासारखं काहीतरी हे कळलं की मुलं धरून चालतात, क्षार म्हणजे उदासीन. तसं नाही. आईच्या पापडाच्या पिठातला पापडखार घ्या. त्यात मुख्यतः सोडिअम कार्बोनेट असतं. तो रचनेने क्षार आहे, कारण आम्ल आणि आम्लारी यांच्यापासून बनलेला आहे. पण त्याचं पाणी लाल लिटमस निळं करतं, म्हणजे तो आम्लारिधर्मी क्षार. तुरटी, मोरचूद आणि नवसागर हेही क्षारच, पण त्यांचं पाणी निळं लिटमस लाल करतं. मीठ मात्र खरंच उदासीन. कारण शोधायचं असेल तर क्षार कुणापासून झाला ते बघा. कॉस्टिक तीव्र आणि कार्बोनिक आम्ल सौम्य, तर तीव्राचा गुण उरतो, द्रावण आम्लारिधर्मी होतं. नवसागरात (अमोनिअम क्लोराइडमध्ये) उलटं, मीठाचं आम्ल तीव्र आणि अमोनिअम हायड्रॉक्साइड सौम्य. दोघं तीव्र असले की उदासीन. परिचर मामांनी विचारलेल्या बादलीत कॉस्टिक आणि ॲसिटिक मिळून झालेलं सोडिअम ॲसिटेट सांगा बघू कोणत्या बाजूचं?

शेतीत हाच फरक न कळल्याने पैसे जातात. कालव्याच्या कडेला आमच्या मामाची जमीन पांढरी पडली, सगळे तिला क्षारपड म्हणायचे. पण माती तपासणीत दोन वेगळ्या गोष्टी निघतात. क्षारयुक्त जमिनीत विरघळणारे क्षार जास्त, पण सामू साडेआठच्या आत असतो. तिथे चर खोदून, चांगल्या पाण्याने क्षार धुऊन बाहेर काढायचे असतात. चोपण जमिनीत सोडिअम मातीला चिकटलेला असतो, सामू साडेआठच्या वर जातो, आणि तिथे जिप्सम लागतं. मामांनी आधी सगळ्या रानात जिप्सम टाकलं आणि तपासणी नंतर केली. जमीन क्षारयुक्त निघाली. जिप्समही एक क्षारच आहे, कॅल्शिअम सल्फेट. तुम्ही शेतकऱ्याच्या घरातले असाल तर हा धडा मार्कांसाठी नाही, एवढं लक्षात ठेवा.

तीव्र आणि संहत यांतला घोळ सगळे गाईडवाले समजावतात, म्हणून थोडक्यात सांगते. तीव्र म्हणजे पाण्यात जवळजवळ पूर्ण आयन होणारं, संहत म्हणजे पाणी कमी असलेलं. व्हिनेगर कितीही घट्ट केलं तरी ॲसिटिक आम्ल सौम्यच राहतं.

आता एक कठोर गोष्ट. 'पन्नास प्रश्न पाठ करा, पूर्ण धडा तयार' अशा पुस्तिका आणून अभ्यास करू नका. मी केला आहे. त्यात क्षाराच्या व्याख्येखाली दिलेलं एक उदाहरण हिंदीतून जसंच्या तसं उचललेलं होतं, म्हणजे सोडिअम हायड्रॉक्साइड, आणि मी ते दोन वर्षं खरं मानलं. 'ट्रिक' सांगणाऱ्या शिकवण्यांबद्दलही माझं मत चांगलं नाही. ट्रिक लक्षात राहते, पण प्रश्न जरा फिरवला की ती कामाला येत नाही. त्यापेक्षा प्रयोगशाळेच्या परिचर मामांशी ओळख करा. वर्षानुवर्षं त्याच बाटल्या हाताळणाऱ्या माणसाला कोणतं द्रावण कधी खराब होतं, कोणता दर्शक कधी फसवतो, हे माहीत असतं. तुमच्या शाळेत प्रयोगशाळेला कुलूप असेल तर ते उघडायला लावा. विनंती करा, पुन्हा करा.

हिंदी व्हिडिओ पाहायचे नाहीत असं मी म्हणत नाही. त्यांतले काही फार छान आहेत. फक्त आधी आपले तीन शब्द आपल्या पुस्तकातून पक्के करा आणि वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने काढून ठेवा, पुस्तकातला शब्द, व्हिडिओतला शब्द, घरातला शब्द. माझ्या एका विद्यार्थ्याने चौथा रकाना आजीसाठी काढला. त्यात पापडखार, टाकणखार, नवसागर अशी नावं आली आणि त्यालाच प्रश्न पडला, खार म्हणजे क्षारच ना, मग हे सगळे एकाच बाजूचे का नाहीत? ज्या दिवशी तुम्हाला हा प्रश्न पडेल त्या दिवशी धडा तुमचा झाला.

घरी प्रयोग करा, पण दोन गोष्टी ऐका. संडास साफ करायचं आम्ल आणि विरंजक चूर्ण कधीही एकत्र करू नका, क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जीव घेऊ शकतो. आणि कॉस्टिक किंवा आम्ल अंगावर पडलं तर त्याला 'मारायला' उलटा पदार्थ लावायचा नाही. उदासिनीकरणात उष्णता बाहेर पडते, भाजणं वाढतं. वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं धरायचं आणि डॉक्टरकडे जायचं. अप्पांच्या मनगटावरचा डाग कुणीतरी घाईत ॲसिटिक ओतल्याचा आहे.

चाचणीत शून्य आलं म्हणून घाबरला असाल तर एक सांगते. आम्ल म्हणजे पाण्यात हायड्रोजन आयन देणारा, ही आपल्या पुस्तकातली व्याख्या स्वान्ते अऱ्हेनिअस यांच्या विचारातून आली. द्रावणातल्या आयनांवरचा त्यांचा १८८४ चा प्रबंध परीक्षकांना पटला नाही, त्याला अगदी खालची श्रेणी मिळाली. त्याच कामासाठी १९०३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. मला हे नववीत माहीत असतं तर मी बाईंकडे जाऊन 'माझं का चुकलं' असं विचारलं असतं. तुम्ही विचारा.

लिटमस मिळत नसेल तर हळदीचा कागद करा. चमचाभर हळद थोड्या पाण्यात कालवा, वहीचा कोरा कागद त्यात भिजवून सावलीत वाळवा, पट्ट्या कापा. आम्लारिधर्मी द्रावणात पट्टी लालसर होते, आम्लात आणि मीठाच्या पाण्यात पिवळीच राहते. त्यामुळे तुरटीचा आम्लपणा या पट्टीवर दिसणार नाही. त्यासाठी लाल जास्वंदीच्या पाकळ्या गरम पाण्यात भिजवून ते पाणी वापरा, आम्लात ते गडद गुलाबी होतं, अल्कात हिरवट. चार वाट्या मांडा, मीठ, पापडखार, तुरटी आणि लिंबाचा रस. प्रत्येक वाटीखाली आधी अंदाज लिहा, मगच पट्टी बुडवा.